टॅपेट कव्हरचे ब्रीदर मोठे करताना खाल्लेली माती

माझ्याकडे ९६ ची निसान स्कायलाइन आहे, आर३३, इंजिन आरबी२५डीईटी, म्हणजे अडीच लिटरचं एका ओळीत सहा सिलेंडरवालं टर्बो. मेलबर्नला नोकरी लागली तशी आधी ही घेतली, घर नंतर (बायको अजून ऐकवते). रोज ऑफिसला नेली तर काही कुरकुर नाही, पण विंटनच्या ट्रॅकवर चार-पाच लॅप मारले की मागून निळा धूर, आणि बॉनेट उघडलं तर डिपस्टिक बोटभर वर आलेली. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, सांगलीला असतात. म्हणाले, "कुकरची शिट्टी चोंदलीय रे, वाफ जाणार कुठून?"

आरबी इंजिनचं हे जुनंच दुखणं आहे. पंप हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) भरपूर तेल चढवतो, ते ज्या भोकांतून परत खाली चेंबरमध्ये (तेलाच्या टाकीत) उतरायचं त्याच भोकांतून खालचा ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेने निसटलेला गॅस, वर येत असतो, त्यामुळे आरपीएम सतत वर असला की तेल हेडमध्येच तुंबतं आणि टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) ब्रीदरमधून, म्हणजे हा गॅस बाहेर सोडणाऱ्या नळातून, टर्बोच्या इनटेकमध्ये ओढलं जातं. कंपनीचे ब्रीदरचे नळ साध्या ड्रायव्हिंगपुरते ठीक आहेत, ट्रॅकवर अपुरे पडतात. पीसीव्ही (हाच गॅस इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) पण काढून हलवला, खुळखुळलाच नाही, म्हणजे जाम. तो नवा टाकला.

दोन्ही कव्हरला एएन १२ साइजचे ॲल्युमिनियमचे नळ वेल्ड करून घ्यायचे ठरवलं. एएन हे होज-फिटिंगचं माप, त्याचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग, १२ म्हणजे पाऊण इंच, पण ते नळीच्या बाहेरचं माप, होज आतून साधारण साडेसतरा मिमी भरतो. १० नंबरचा चौदाच्या आसपास. ऐकायला फरक साडेतीन मिमीचा वाटतो पण वाट दीडपट होते, वाफ सावकाश निघते आणि तेलाचे थेंब तिच्याबरोबर वाहून जायच्या ऐवजी खाली पडतात.

कव्हरच्या आत पत्र्याचे बॅफल (तेल अडवणारे आडोसे) असतात, ते काढल्याशिवाय भोक पाडूच नका, सगळा कीस त्यांच्या मागे अडकतो आणि नंतर कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) पडतो. स्क्रू इतके घट्ट होते की दोनांची डोकी गेली, ड्रिल करून काढावे लागले. मग कव्हर डिग्रीझरमध्ये दोन वेळा उकळले, तरी वेल्डिंगवाल्याने टिग लावल्यावर धातूतून काळे बुडबुडे येतच होते, तीस वर्षांचं तेल मुरलेलं. तो बिचारा ग्राइंड करून परत परत भरत बसला. घरी आणून बाबांच्या सांगण्यावरून कव्हर उलटं टांगलं, बाहेरून वेल्डवर खडूची पूड फासली, आतून रॉकेल ओतलं आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर एका नळाच्या बुडाशी पांढऱ्या खडूवर मोहरीएवढा ओला ठिपका! परत वेल्डिंगवाला.

इथपर्यंत ठीक होतं, पुढची माती मी स्वतः खाल्ली. ते दोन स्क्रू गेलेले, ट्रॅक डे शनिवारी, म्हटलं एवढा मोठा होज आहे तर एका कव्हरचा बॅफल नसला तर काय होतंय. तसंच बसवलं. पहिल्याच सेशनला कॅच कॅनमध्ये (ब्रीदरमधून आलेलं तेल साठवणाऱ्या डब्यात) अर्धा लिटर तेल! कॅम फिरताना उडवलेलं तेल थेट भोकात जात होतं, मी त्याला नुसता हमरस्ता करून दिला होता.

मग सगळं परत उघडलं, आटे पाडून नवीन स्क्रू लॉकटाइट (सैल न होऊ देणारा गोंद) लावून टाकले, बॅफलच्या कडेला सीलंट. वेल्डिंगच्या उष्णतेने एक कव्हर काचेवर ठेवलं की डुगडुगत होतं, ते काचेवर एमरी पेपर पसरून घासून सपाट केलं. नवीन पॅकिंग, मागच्या अर्धचंद्र रबरांना थोडा सीलंट, आणि बोल्ट मधून बाहेर हलक्या हाताने. होज कॅनकडे एकसारखा उतार ठेवून नेला, मध्ये झोळ राहिला तर तिथे तेल-पाणी साचून वाट बंद होते. कॅनची वाफ परत टर्बोच्या आधी इनटेकमध्ये जोडलीय, इथे रस्त्यावरच्या गाडीला ती हवेत सोडता येत नाही. बॉनेट लागतंय का बघायला प्रत्येक नळावर कणकेचा गोळा ठेवला आणि बॉनेट दाबून बंद केलं, सगळ्यात पातळ जागी सहा मिमी उरली. चालतंय.

परवा विंटनला तीन सेशन मारले. धूर नाही, डिपस्टिक जागेवर, कॅनमध्ये चहाच्या दोन चमच्यांएवढं तेल. बाबांना कौतुकाने कॅन उघडून दाखवला तर म्हणतात, "ते असू दे, बॉनेटला आतून कणीक कसली चिकटलीय?"