स्टूरहेडची उलटी प्रदक्षिणा

ताई ब्रिस्टलला असते, त्यामुळे आमची इंग्लंड ट्रिप म्हणजे ती नेईल तिथे जायचं. तिने विल्टशायरमधलं स्टूरहेड दाखवायला नेलं. जुनी इस्टेट, मधे मोठं तळं, काठाने देवळं आणि पुतळे, आणि चालायचं बरंच आहे म्हटल्यावर आई म्हणाली त्यात काय, मी रोज ठाण्यात तलावपाळीला फिरतेच की. पण निघालो आणि शंभर पावलांत तिला खटकलं, अगं हे उलटं चाललोय आपण! खरंच होतं. आपल्याकडे प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो, इथे जुन्या रस्त्याने गेलं तर तळं कायम डाव्या हाताला राहतं. मला विचाराल तर तिथे त्याच बाजूने फिरायला हवं, उलट फिरलात तर सगळी गंमतच जाते.

कारण ही बाग नुसती बघायची नाहीये, ती क्रमाने उलगडते. हेन्री होअर नावाच्या लंडनच्या बँकरने ती करून घेतली, दरीत बांध घालून पाणी अडवलं आणि तळं बनवलं, म्हणजे जे एवढं नैसर्गिक दिसतं ते सगळं घडवलेलं आहे. पहिलं देऊळ फ्लोराचं, रोमन लोकांची फुलांची देवी, काम सुरू झालं १७४४ मध्ये. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, अर्थ साधारण असा की दूर व्हा, अपवित्र लोकांनो, दूर व्हा. ही ओळ रोमन कवी व्हर्जिलच्या ईनिड ह्या महाकाव्यातली, त्याचा नायक, ट्रॉयहून निघालेला ईनियस पाताळात उतरतो त्याच्या जरा आधीची. मी आईला अर्थ सांगितला तर ती म्हणे, मग आधी सांगायचं ना, सोवळ्यात आले असते.

आणि पुढे खरंच पाताळ येतं. झाडीतून वाट हळूहळू खाली जाते आणि एकदम गुहा, दगड रचून केलेली, आत गार आणि अंधार, वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. तिथे एक अप्सरा झोपलीये, पांढरी, डोक्याखाली हात घेऊन, आणि तिच्या खालून झऱ्याचं पाणी वाहतंय. पायाशी इंग्रजी कविता कोरलीये, इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने लॅटिनवरून केलेली, ती म्हणते की माझी झोप मोडू नका, पाणी प्यायचं तर गुपचूप प्या, आंघोळ करायची तर गुपचूप करा. होअर स्वतः उन्हाळ्यात तिथे डुबकी मारायचा आणि त्याचं कौतुक पत्रात लिहायचा, म्हणजे पावित्र्य वगैरे ठीक आहे पण माणूस शौकीन होता.

तिच्या पलीकडे नदीचा देव बसलाय. दाढीवाला, हातातल्या घड्यातून पाणी सोडणारा. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, नदी म्हणजे बाई ना गं? हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आपल्याकडे गंगा, गोदा, कृष्णा सगळ्या आया, एखादा ब्रह्मपुत्रच पुरुष, आणि तिकडे रोमच्या टायबर नदीपासून सगळे बाबाजी. तर ह्या बाबाजींचा एक हात उचललेला आहे आणि तो वाट दाखवतो, पुढे पँथिऑन नावाच्या देवळाकडे. पुतळ्याला काम दिलंय हो! तो तिथून हलवून लॉनवर ठेवला तर नुसता एक म्हातारा उरेल.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत बिल्डरने क्लबहाऊससमोर एक ग्रीक बाई बसवलीये, खांद्यावर मडकं घेतलेली, फायबरची. ती कोण, तिथे का, काही पत्ता नाही. डिलिव्हरीवाल्यांना लँडमार्क म्हणून सांगतो आम्ही तिला. पौराणिक पुतळा म्हटलं की आपण चेहरा बघतो, नाक नीट आहे का बघतो, पण तो कुठे उभाय आणि तिथवर आपण कसे पोचलो ह्यावर त्याचा निम्मा अर्थ ठरतो.

पँथिऑन म्हणजे रोमच्या मूळ देवळाची छोटी आवृत्ती, १७५३ मध्ये सुरू केलेली. आत मधोमध रायसब्रॅकने घडवलेला संगमरवरी हर्क्युलिस, ज्याच्यासाठी म्हणे लंडनच्या वेगवेगळ्या पैलवानांचे, बॉक्सरांचे अवयव बघून माप घेतलं, एकाची छाती, दुसऱ्याचे हात. तो का निवडला असेल त्याचा एक धागा होअरच्या घरात सापडतो, तिथे फ्रेंच चित्रकार पूसाँचं चित्र आहे, त्यात तरुण हर्क्युलिस दोन बायकांच्या मधे उभा, एक सद्गुण, एक चैन, आणि त्याने ठरवायचंय कोणासोबत जायचं. होअरच्या डोक्यात हे नक्की असणार. पुतळ्याच्या शेजारच्या कोनाड्यांत मात्र डायना, फ्लोरा, इजिप्तची आयसिस आणि चक्क सेंट सुझॅना, एक ख्रिश्चन संत! सर्वधर्मसमभाव.

शेवटी अपोलोचं गोल देऊळ, टेकडीवर, १७६५ च्या आसपासचं. चढ आहे, आईच्या गुडघ्यांनी खालीच बसायचं ठरवलं, मी आणि जिजू वर गेलो. गुहेतल्या अंधारानंतर एकदम उंचावर सूर्याचा देव आणि खाली चालून आलेलं सगळं तळं एका नजरेत, हे मात्र जबरदस्त आहे.

केनेथ वुडब्रिज नावाच्या अभ्यासकाने मांडलं की हा अख्खा फेरा म्हणजे ईनियसचा प्रवास, आणि नंतर बऱ्याच जणांनी त्यावर वाद घातला. मला तो फ्लोरापासून गुहेपर्यंत शंभर टक्के पटतो, पुढे नाही. वीसेक वर्षं तुकड्या तुकड्याने बांधलेल्या बागेत एकच गोष्ट कशी टिकेल, आणि माणसाने मधेच एक तुर्की तंबूही ठोकला होता (आता नाहीये), त्याचं व्हर्जिलशी काय नातं?

आणि सगळ्यात मोठा पुरावा तर पुलाजवळ, फेरा संपतो तिथे उभाय. ब्रिस्टल क्रॉस. मध्ययुगातला दगडी बाजारस्तंभ, त्यावर इंग्लंडचे राजे बसवलेले, ब्रिस्टलवाल्यांनी रस्त्यात अडचण होते म्हणून काढून टाकला आणि होअरने उचलून इथे आणून लावला. देव नाही, ईनियस नाही, आवडला म्हणून आणला. ताई तावातावाने म्हणाली आमच्या गावचा आहे तो, परत द्यायला हवा. जिजू म्हणाले, तुम्हीच टाकला होतात, आणि आधी गाडीकडे चला, आईंचे गुडघे बोलायला लागलेत.