लेट, लेट आणि लेट

पासपोर्टमध्ये राष्ट्रपतींच्या नावाने छापलेली विनंती फारसं कुणी वाचत नाही. धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं, असं तिथे म्हटलंय. आता लेट म्हणजे 'करू देणं' असं शाळेपासून घोकलेलं. मग करू न देता जाऊ कसं द्यायचं?

तर हे लेट वेगळं. जुन्या इंग्रजीत 'लॅटन' म्हणजे जाऊ देणं आणि 'लेट्टन', जोड-टवालं, म्हणजे अडवणं. पुढे शेपट्या झिजल्या आणि दोघांचंही नुसतं 'लेट' उरलं. 'होऊ दे' आणि 'होऊ देऊ नको' एकाच शब्दात कसं नांदणार? अडवणारं मागे हटलं. पण 1600च्या आसपासचा हॅम्लेट, पित्याच्या भुतामागे जाताना मित्र धरून ठेवतात तेव्हा गरजतो, की जो मला 'लेट' करील त्याचंच भूत करीन! इथे नेहमीचा अर्थ लावला, तर जाऊ देणाराच मरायचा. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला चाटून योग्य चौकोनात पडली की पंच पुकारतो तेही हेच लेट. कित्येकांना ते 'नेट' ऐकू येतं आणि तेही अगदीच गैरलागू नसतं, त्यामुळे कुणी दुरुस्त करत नाही. वर लेट्टनचा उगम 'उशिरा'वाल्या लेटमध्येच. अडवणं म्हणजे उशीर करायला लावणं. म्हणजे लोकल 'लेट' होते तीही याच घराण्यातली.

जुन्या वळणाच्या 'मीथिंक्स' या इंग्रजी शब्दाचंही असंच. त्यात 'थिंक' दिसतं, पण ते विचार करणारं नव्हे. जुन्या इंग्रजीत 'थेंकन' म्हणजे विचार करणं, 'थ्युंकन' म्हणजे भासणं. जर्मनने 'डेंकन' आणि 'ड्युंकन' अजून वेगळे ठेवलेत. इंग्रजीत दोन्ही एका साच्यात गेली. मीथिंक्समधला 'मी' (me) कर्ता नाही, चतुर्थीतला आहे. सरळ आपलं 'मला वाटतं'. इतकी सोयीची रचना इंग्रजांनी टाकून दिली, हे काही बरं केलं नाही.

आणि जुनाट दिसावं म्हणून पाट्यांवर लिहितात ते 'ये ओल्ड'? तिथला वाय मुळात वाय नाहीच. 'थ'साठी थॉर्न नावाचं अक्षर होतं. हस्तलिखितांत ते वायसारखं दिसू लागलेलं, आणि युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत ते नव्हतंच, म्हणून छापणाऱ्यांनी वाय बसवला. उच्चार 'द'च. 'तुम्ही' या अर्थाचं जुनं 'ये' निराळं. पण पाटीवाल्याला हे सांगून काय उपयोग? 'द' लिहिलं तर दुकान जुनं कसं दिसणार!