तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फच्या साध्या खेळाडूला क्लब फिटिंगचा काय उपयोग?

"आपण काय प्रो आहोत का? आपल्याला कशाला हवं क्लब फिटिंग?" क्लब म्हणजे गोल्फची काठी आणि फिटिंग म्हणजे ती ज्याच्या-त्याच्या मापाने बेतून घेणं, तर हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलाय की आता विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं की याला उत्तर हवंय की याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. ठरलेलं उत्तर म्हणजे, आधी स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची पद्धत, नीट कर, क्लबचं मग बघू. मी दरवेळी दोन वाक्यांत सांगायला जाते आणि दोन वाक्यांत ते खोटं होतं. हो म्हटलं तर वाटतं हिला काहीतरी विकायचंय, आणि नाही म्हटलं तर माझी स्वतःची चार वर्षं गेली ती उगाचच असं कबूल केल्यासारखं होतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी आकडा सांगते, कारण तो सगळ्यांना हवाच असतो. माझं हँडिकॅप, म्हणजे ढोबळमानाने ठरलेल्या फटक्यांपेक्षा किती जास्त लागतात तो आकडा, 27 होतं, आता 23 आहे. एवढंच. आणि 2020 पासूनची जी पद्धत आहे त्यात शेवटच्या 20 राउंडमधले चांगले 8 धरतात, म्हणजे तो आकडा माझ्या बऱ्या दिवसांचा आहे, वाईट दिवस अजून पूर्वीइतकेच वाईट जातात. "फक्त चार?" असं म्हणणारे आहेत. हो, फक्त चार.

माझी उंची पाच फूट. खेळायला लागले ती मोठ्या भावाचा जुना सेट घेऊन, प्रत्येक क्लब वरून एक इंच कापून. बायकांसाठी एक इंच कापला की झालं, असं सगळेच म्हणायचे आणि मीही पुढे दोन-तीन जणींना हेच सांगितलं, त्याबद्दल आता वाईट वाटतं. कापल्याने शाफ्ट, म्हणजे दांडा, आणखी कडक होतो, हेड, म्हणजे खालचा जड भाग, हातात हलकं लागायला लागतं, ते कुठे आहे तेच कळत नाही, आणि जो मूळ प्रश्न होता तो तसाच राहतो. मूळ प्रश्न लायचा. म्हणजे क्लब जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट किती उभा राहतो त्याचा. लांब क्लब बुटक्या माणसाच्या हातात दिला की हात खाली राहतात, क्लबचा टो, म्हणजे हेडचं पुढचं टोक, हवेत उचलला जातो, हील, म्हणजे दांड्याजवळचं टोक, जमिनीला लागते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे जातो. ढोबळ हिशोब असा की लांबी अर्धा इंच बदलली की लाय एका अंशाने बदलल्यासारखा लागतो. माझ्या एका इंचाने दोन अंशांचं काम झालं होतं. मला त्याहून बरंच जास्त हवं होतं, पण हे सगळं मला नंतर कळलं.

तेव्हा मला फक्त एवढंच माहीत होतं की मी "उठते". आमचे कोच, आम्ही सर म्हणतो त्यांना, पहिल्या महिन्यापासून सांगत होते की बॉल मारताना तू कंबरेतून उठतेस, वाकलेली राहत नाहीस. चार वर्षं. प्रत्येक लेसनला. भिंतीला मागचा भाग टेकवून स्विंग करायचा, तो सुटला नाही पाहिजे, हा व्यायाम मी रोज केलाय, पाठ भरून यायची तरी केलाय. आणि गंमत नाही सांगत, क्लब हातात नसताना मला तो उत्तम जमायचा. सर स्वतः म्हणायचे, बघ, जमतंय ना? मग क्लब हातात घेतला की मी उठायचे. क्लब नसताना जमतं आणि क्लब आला की जमत नाही, हे चार वर्षं आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर होतं आणि एकदाही दोघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही की क्लबकडे बघावं. मी अंगात शिस्त नाही म्हणून स्वतःला बोल लावत राहिले.

फिटिंगला गेले तीही ठरवून नाही, एका मैत्रिणीने बळेच पाठवलं. तिथल्या मुलाने माझा स्विंग बघायच्या आधी टेप काढली. बूट घालून सरळ उभी राहा, हात सैल सोडा, मग मनगटाच्या सुरकुतीपासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि कागदावर लिहिलं, बोलला काहीच नाही. मग म्हणाला तुमच्याच सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबने, मारा. क्लबच्या फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूवर, स्टिकर लावला, आणि बॉलवर मार्करने एक उभी रेघ काढून ती रेघ फेसच्या बाजूला येईल असा बॉल ठेवला. मी मारला. रेघेचा डाग स्टिकरवर उमटला होता तो हीलजवळ, आणि उभा नव्हता, वरचं टोक टोच्या बाजूला चांगलं झुकलेलं होतं. पुन्हा मारला, पुन्हा तसंच. पाच-सहा वेळा मारलं. तो सगळ्या रेघा एकापुढे एक ठेवून दाखवत होता आणि मला काही कळत नव्हतं, मी आपलं म्हणत होते, हो, मी उठते ना, सर सांगतात, माझी जुनी सवय आहे.

तेव्हा तो म्हणाला, मॅडम, मारू नका. फक्त उभ्या राहा आणि क्लबचा तळ जमिनीवर पूर्ण सपाट टेकवा, टो वर उचलला जाता कामा नये. मी टेकवला. तसा तो टेकवायचा तर हात वर घ्यायला लागले, आणखी वर, जवळजवळ पोटाशी आले, आणि हात तिथे नेताना मी कंबरेतून आपोआप सरळ झाले. तो म्हणाला, "आता तुम्ही उभ्या आहात तशाच थांबा. या क्लबला तुम्ही इथे हव्या आहात. तुम्ही वाकून उभ्या राहता आणि बॉलपर्यंत येताना या क्लबला जागा करून द्यायला उठता. नाही उठलात तर जमीन खणाल."

मी तशीच उभी राहिले. मला रडू आलं, आणि आनंदाने नाही आलं. तो बिचारा गोंधळला, पाणी आणून दिलं. मला एकच दिसत होतं, ती भिंत. चार वर्षं त्या भिंतीला टेकून मी जी सवय मोडायला बघत होते ती माझं शरीर सोडायला तयार नव्हतं कारण ते बरोबर होतं, हातात जे दिलं होतं त्याच्याशी जुळवून घ्यायला ते बिचारं जमेल ते करत होतं. आणि मी त्याला आळशी म्हणत होते. यावर कुणी "अगं दोन अंशांनी काय होतंय" म्हणालं की माझं डोकं फिरतं ते यामुळे. तुमच्यासाठी ते दोन अंश असतील.

सरांवर राग आला का, हेही विचारतात. आला. पण ते खोटं बोलत नव्हते, मी खरंच उठत होते, त्यांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. कारण वेगळं निघालं. अजून त्यांच्याकडेच शिकते.

आता पुढचं, जे मी सहसा सांगत नाही कारण सांगितलं की लोकांना वाटतं त्यांचंच खरं झालं. नवे आयर्न आले, आधीच्यापेक्षा आणखी दीड इंच आखूड, लाय तीन अंशांनी सपाट, शाफ्ट हलके ग्रॅफाइटचे. आणि माझा खेळ बिघडला. चांगले तीन महिने. सगळे बॉल उजवीकडे. कारण असं होतं की इतकी वर्षं डावीकडे जाणारा बॉल वाचवायला मी मनगटं धरून ठेवायला शिकले होते, फेस उघडा ठेवून मारायचा. क्लब बदलला, पण मनगटांना कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, माझा कायम स्लाइस व्हायचा, बॉल उजवीकडे वळायचा, तोही याच सवयीने, कारण लाय चुकल्याचा परिणाम जितका लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला असतो तो कोन, जास्त तितका जास्त दिसतो, ड्रायव्हरला लॉफ्ट इतका कमी की तिथे क्लब मला डावीकडे ओढतच नव्हता, उरायची ती फक्त माझी उघडी मनगटं. म्हणजे आयर्नचं दुखणं आणि औषध माझं ड्रायव्हरला. हे समजायला सोपं वाटतं, तेव्हा नव्हतं. सर म्हणाले, बघ मी म्हटलं होतं. मी एकदा क्लब परत वाकवून आणायलाही निघाले होते, पोहोचले नाही ते निव्वळ पावसामुळे.

मग हळूहळू सुटलं. पण कशामुळे सुटलं? त्याच काळात मी आठवड्याला दोन लेसन घेत होते, पूर्वी एक घ्यायचे. आता तुम्ही मला विचारलंत की कमी झालेल्या चार फटक्यांमधले फिटिंगचे किती आणि लेसनचे किती, तर मी प्रामाणिकपणे वेगळे करू शकत नाही. मधे काही दिवस मी छातीठोकपणे सांगायचे की सगळे फिटिंगचे. ती मी चुकीची होते. आणि त्याआधीची मी, जी म्हणायची स्विंग झाल्याशिवाय क्लबवर खर्च करणं म्हणजे मूर्खपणा, तीही चुकीची होती, पण तिच्या म्हणण्यातलं अर्धं मला अजून खोडता येत नाही.

ते अर्धं असं. साध्या खेळाडूचा स्विंग दर बॉलला वेगळा, मग फिट कशाला करणार? हे शाफ्टच्या बाबतीत मला बऱ्यापैकी पटतं. आर (रेग्युलर) आणि एस (स्टिफ) ही शाफ्टचा कडकपणा सांगणारी अक्षरं तर कंपनीगणिक बदलतात, त्याला काही एक प्रमाण नाहीच, एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका कडक निघू शकतो. त्यावर तासभर घालवून तीन ग्रॅमचा फरक शोधणं मला नाही जमलं, कळलंही नाही. पण माझ्या हाताची लांबी दर बॉलला बदलत नाही हो! मनगट जमिनीपासून जितकं उंच आहे तितकंच ते चांगल्या शॉटला असतं आणि वाईट शॉटलाही. पिंग या क्लब बनवणाऱ्या कंपनीचे कार्स्टन सोल्हाइम यांनी लायप्रमाणे क्लबवर रंगीत ठिपके लावायची पद्धत 1970 च्या दशकात आणली, काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड आणि पुढे बाकीचे रंग, म्हणजे ही काही परवाची टूम नाही. आणि ती फक्त प्रोंसाठी कधीच नव्हती.

पण माझी मैत्रीण, तीच जिने मला पाठवलं होतं, ती साधारण स्टँडर्ड क्लब ज्या उंचीला धरून बनतात तेवढीच उंच आहे. तिला सांगितलं की तुमच्या क्लबला हात लावायची गरज नाही, ग्रिप तेवढ्या बदला. ती चिडून परत आली. मला वाटतं तिचंही काम झालं, तिला तसं वाटत नाही, आमचं यावर अजून पटलेलं नाही.

जी गोष्ट मला खरोखर सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती कुणाला ऐकायचीच नसते. माझे फाइव्ह, सिक्स आणि सेव्हन आयर्न, तिन्ही एकाच अंतरावर पडत होते, खरं तर आकडा जितका लहान तितका बॉल लांब जायला हवा. ड्रायव्हरलाच माझा वेग ताशी 65 मैल, तर लांब आयर्नने बॉल वर जायला लागतो तेवढा वेग माझ्याकडे नाहीच. बॅगेत 14 क्लब चालतात म्हणून मी 14 वाहत होते. दोन काढून टाकले, त्यांच्या जागी एक हायब्रिड, म्हणजे बॉल सहज वर उचलणारा क्लब, आला. आणि हल्ली सेव्हन आयर्न 29-30 अंश लॉफ्टचे येतात, पूर्वी 34-35 चे असायचे, तो नुसता लांब जातो म्हणून खूश होऊ नका, मंद स्विंगला तो बॉल खालून जातो आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, थांबत नाही. हे त्या मुलाने मला ग्राफवर दाखवलं, बॉल कुठल्या कोनात खाली येतो ते. मी तोवर फक्त अंतर बघायचे.

आणि ड्रायव्हरची चूक माझी. दुसऱ्या ठिकाणी गेले, साडेपंचेचाळीस इंचांचा घेतला. लाँच मॉनिटरवर, म्हणजे बॉल कसा आणि किती गेला ते मोजणाऱ्या यंत्रावर, नववा बॉल माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब गेला आणि मी तोच बघितला. शेजारीच सरासरीचा रकाना होता, बॉल किती पसरलेत तेही दिसत होतं, पण माझी नजर त्या एका आकड्यावरून हटेना. कोर्सवर तो ड्रायव्हर मला दहातले तीनच बॉल बरे देतो. आता ग्रिपवर दीड इंच खाली धरून मारते, बरा चालतो. तिथे नऊच बॉल मारले होते, तेही मॅटवर. मॅट तर आयर्नचंही खरं सांगत नाही, मागे जमीन लागली तरी क्लब घसरून बॉलवर जातो आणि शॉट बरा वाटतो, गवतावर तोच बॉल पायाशी राहतो. शक्य असेल तर गवतावर मारून बघा.

भावाचा सेव्हन आयर्न मी ठेवलाय. मागच्या महिन्यात सरावाच्या रेंजवर सहज काढला. पहिला बॉल डावीकडे गेला, वाटलं जाणारच. दुसरा सरळ गेला. तिसराही. मी उठत होते, जाणवत होतं, मनगटंही धरली जात होती, काही न सांगता शरीराने ते सगळं परत शोधून काढलं. शेजारी उभी असलेली एकजण म्हणाली, मग हाच का नाही खेळत? मला तिला काही सांगता आलं नाही. दहा-बारा मारले, पाठ दुखायला लागली तेव्हा ठेवून दिला.

तर पुढच्या वेळी विचाराल तेव्हा आधी मला तुमची उंची सांगा, आणि तुमच्या हातात कुणाचे क्लब आहेत तेही सांगा.