दार-एस-सलामचा ताप आणि चोवीस गोळ्या

टांझानियात, दार-एस-सलामला बदली झाली की घरची माणसं बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी क्लोरोक्विनची पाकिटं सरकवतात. आपल्याकडे व्हायवॅक्स मलेरियाला ते चालतं, पण इथला मलेरिया बहुतेक सगळा फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीच्या जंतूचा आणि तो क्लोरोक्विनला जुमानत नाही. टांझानियाने ते 2001 मध्येच बाजूला ठेवलं. आता साध्या मलेरियाला पहिलं औषध म्हणजे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन, औषधाच्या दुकानातला 'म्सेतो'. तेव्हा मावशी, काकू, ती पाकिटं घरीच राहू द्या.

पावसाळ्यात अंग मोडून आलं की "मलेरियाच असणार" म्हणून थेट गोळ्या घेणारे आपल्यातही खूप आहेत. मला याची फार काळजी वाटते. बोटाला टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की वीसेक मिनिटांत उत्तर मिळतं. मलेरिया नाही असं आलं आणि ताप हटत नसेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं. उलट, उपचार पुरे झाल्यावरही पट्टी काही आठवडे 'आहे' असंच दाखवू शकते. तेवढ्यावरून पुन्हा गोळ्या सुरू करू नयेत. डॉक्टर काचपट्टीवर रक्त तपासून सांगतात.

आता गोळ्यांचं. मोठ्या माणसाला एका वेळी चार, अशा सहा वेळा, तीन दिवसांत एकूण चोवीस. दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी, पुढचे सकाळ-संध्याकाळ. मुलांचा डोस वजनावर ठरतो. शेजारच्या वहिनी तापात काहीच खात नव्हत्या आणि गोळ्या नुसत्या पाण्याबरोबर घेत होत्या. ल्युमेफॅन्ट्रिन स्निग्ध पदार्थाशिवाय अंगात नीट शोषलंच जात नाही. मी त्यांना साय असलेलं दूध दिलं, पुढच्या वेळी मऊ भातावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. पोटभर जेवण लागत नाही, पण थोडं तेल-तूप पोटात जायलाच हवं. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो. त्यासाठी जास्तीच्या गोळ्या दवाखान्यातून मागून आणल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला आणि त्या म्हणाल्या, "आता पुरे." सगळ्यांचं इथेच चुकतं. आर्टेमेथर झपाट्याने जंतू मारतं, पण काही तासांत शरीरातून निघून जातं. मागे उरलेले जंतू संपवायचं काम ल्युमेफॅन्ट्रिनचं, आणि त्याला पूर्ण डोस लागतो. आर्टेमिसिनिनला, म्हणजे आर्टेमेथर ज्या गटातलं त्या औषधांना, काही अंशी दाद न देणारे जंतू टांझानियाच्या वायव्येला, कागेरा भागात सापडलेत. अर्धवट औषध घेणं आता कुणालाच परवडणारं नाही. हृदयाचा त्रास, क्षयाचं किंवा एचआयव्हीचं औषध चालू असेल, दिवस गेले असतील, तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि माणूस बरळायला लागला, डोळे पिवळे झाले, लघवी काळपट झाली, दम लागला किंवा पोटात काही ठरेना, तर गोळ्यांच्या भरवशावर घरी थांबू नका. अशा वेळी आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागतं, थेट रुग्णालय गाठा.

सुट्टीत येणाऱ्या आई-बाबांनी प्रतिबंधक औषध निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. डॉक्सिसायक्लिन असेल तर पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यायचं, लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात अंग झाकायचं, आणि परत गेल्यावरही चार आठवडे रोज घ्यायचं. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर ते जेवणाबरोबर, परतल्यावर सात दिवस. ही औषधं चालू असतानाही ताप आला तर तपासणी करायचीच.

एक गोष्ट सांगलीच्या, साताऱ्याच्या घरी अगदी लक्षात ठेवा. आमच्यापैकी कुणी सुट्टीवर आलं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तापलं, तर डॉक्टरांना आधी सांगा की हा माणूस आफ्रिकेतून आलाय, आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.