तुम्ही विचारलंत म्हणून : रानपिंगळा आणि डीएनएचा निकाल

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याकडची ओळखीची माणसे मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात : ‘स्वतःच्या प्रजातीतला एकुलता एक असलेला आमचा रानपिंगळा तुम्ही डीएनएवाल्यांनी साध्या पिंगळ्याच्या घरात का नेऊन बसवला? आणि उद्या आणखी डेटा मिळाला की परत बाहेर काढणार का?’ (रानपिंगळा म्हणजे एक छोटे घुबड, आणि प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत genus.) जीनोमवरून, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएवरून, सजीवांचा वंशवृक्ष बांधणे हे माझे काम आहे. रानपिंगळ्यावरचा अभ्यास माझा नाही. तरी प्रश्न माझ्याकडेच येतो, कारण मी इथली आहे. तेव्हा एकदा सविस्तर लिहिते.

पक्षीशास्त्रज्ञ अ‍ॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ ही वेगळी प्रजाती निर्माण केली, ती शरीररचना पाहून. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील) आणि पेशीकेंद्रातील काही जनुके तपासली गेली, तेव्हा रानपिंगळ्याची फांदी ‘अथीनी’ या प्रजातीच्या आतच निघाली, आणि साधा पिंगळा याच अथीनीतला आहे. म्हणजे रानपिंगळा वेगळा ठेवायचा, तर एकाच पूर्वजाच्या वंशजांपैकी एकाला बाहेर काढून उरलेल्यांना पूर्ण कुटुंब म्हणावे लागेल. यात त्या पक्ष्याचा अपमान कुठे आहे, हे मला खरोखर कळत नाही. त्याची जाती वेगळी होती आणि आजही वेगळीच आहे. ‘डोळ्यांना दिसते ते खरे’ म्हणणाऱ्यांनी हेही आठवावे, की ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक मायनरट्सहागेन यांनी चोरलेल्या नमुन्यावर लावलेल्या 1914 च्या खोट्या चिठ्ठीने, हरवलेल्या याच पक्ष्याच्या शोधाला गुजरातची चुकीची वाट दाखवली होती. संग्रहालयातले कातडेही फसवू शकते.

मात्र शहाद्यातल्या एका व्याख्यानात हे सगळे मुद्दे माझ्याकडे असूनही उपयोगी पडले नाहीत. मला शाळेत जीवशास्त्र शिकवलेले सर पहिल्या रांगेत बसले होते. 1997 मध्ये हा पक्षी शहाद्याजवळच पुन्हा दिसला, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत ते दर हिवाळ्यात मुलांना सागाच्या रानात नेत आणि सांगत, ‘असा दुसरा जगात नाही, त्याची प्रजातीही त्याच्यासोबत संपेल.’ मी पडद्यावर फांद्यांची आकृती दाखवली आणि ते शांतपणे उभे राहिले. ‘हे नक्की आहे का?’ त्यांनी विचारले. ‘आजच्या पुराव्यावरून असेच दिसते,’ मी म्हणाले. ‘आणखी जनुके वाचली तर बदलेल?’ खोटे बोलणे मला शक्य नव्हते. ‘बदलू शकते, सर.’ सभागृहात कुजबुज सुरू झाली. सर मराठी सोडून अहिराणीत आले, आणि ते तसे येतात तेव्हा त्यांना लागलेले असते, हे मला ठाऊक आहे : ‘मंग आते पोरेसले काय सांगानं?’ मी काही बोलण्याआधीच ते खाली बसले. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना शोधले, पण ते निघून गेले होते. माझी आकृती त्यांना पटली नाही, याचे मला फारसे दुःख नव्हते. ज्यांच्यामुळे मी या विषयाकडे वळले, त्यांना मी शेवटी फक्त ‘बदलू शकते’ एवढेच देऊ शकले, हे मात्र अजून सलते.

तरीही ते उत्तर मागे घेता येत नाही. प्रत्येक जनुकाचा स्वतःचा इतिहास असतो. पूर्वजांच्या समूहात एका जनुकाची अनेक रूपे असतात, आणि समूह झपाट्याने फुटत गेला तर ती रूपे फांद्यांच्या क्रमाने वाटली जातातच असे नाही. 2012 मध्ये गोरिलाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या सुमारे 30 टक्के भागात माणूस आणि चिंपांझी एकमेकांच्या सर्वांत जवळचे निघाले नाहीत. त्या भागांत दोघांपैकी एक जण गोरिलाच्या अधिक जवळ होता. चिंपांझी आपला सर्वांत जवळचा नातलग आहे, हे त्याने खोटे ठरत नाही. पण जीनोम एकमुखाने बोलत नाही, हे उघड होते.

मी शिकत असताना ठामपणे म्हणत असे, की हा गोंधळ थोड्या जनुकांमुळे होतो आणि पूर्ण जीनोम आले की वाद मिटेल. तसे झाले नाही. 2014 मध्ये 48 पक्ष्यांच्या जीनोमवरून बांधलेल्या वृक्षात कबुतरे आणि रोहित पक्षी एकाच जुन्या फांदीवर आले. 2024 मध्ये 363 जातींच्या वृक्षात ते वेगळे झाले, आणि पहिल्या निकालामागे एकाच गुणसूत्रावरचा डीएनएच्या सुमारे 2 कोटी 10 लाख अक्षरांचा पट्टा असल्याचे दिसले. तिथे जनुकांची देवाणघेवाण दीर्घकाळ दबलेली होती, म्हणून तो पट्टा एकाच सुरात बोलत राहिला. डेटा वाढला की योगायोगाने येणारी चूक कमी होते. गृहीतकातच चूक असेल, तर तीच चूक अधिक खात्रीने समोर येते. फांदीला डेटाचा किती टक्के पाठिंबा आहे हे सांगणारा, तिच्यावर लिहिलेला ‘100’ हा आकडा मी तेव्हा सत्याचा शिक्का समजत असे.

म्हणून रानपिंगळा अथीनीत आहे, असे मी आज सांगते, कारण पुरावा तिकडे झुकतो. अथीनीतल्या सगळ्या जातींचे पूर्ण जीनोम शेजारी मांडले आणि त्यांतल्या बऱ्याच जनुकांनी वेगळी फांदी दाखवली, तर मी दोन्ही फांद्या काढीन, एक ठसठशीत आणि एक तुटक रेषेची. पण शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात तुटक रेषेला जागा कशी करायची, हे मला अजून सुचलेले नाही, आणि सरांचा प्रश्न नेमका त्या तक्त्याचाच होता.