मामांच्या भुवया

एखाद्या जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर सिनेमा येतोय असं कळलं की मला दिग्दर्शकाशी, संगीताशी काही देणंघेणं नसतं. ‘कोणाला घेतलंय?’ एवढंच विचारायचं असतं. आणि नाव कळल्यावर ‘छे, हा नव्हे!’ असं म्हणायचं असतं. समोरच्याने ते नाव आधीच पसंत केलेलं असेल तर जास्त मजा येते.

2024 मध्ये एमिली ब्राँटीच्या ‘वुदरिंग हाइट्स’वरच्या नव्या सिनेमासाठी जेकब एलॉर्डी आणि मार्गो रॉबी यांची नावं जाहीर झाली, तेव्हा ताईचा आणि माझा फोन तासभर चालला. ताईला एलॉर्डी चालत होता. उंच आहे, बघण्यात जरा तिरसटपणा आहे, आणखी काय हवं? मी मात्र पुस्तक मांडीवर घेऊनच बसले होते. नायक हीथक्लिफ दिसायला सावळा, जिप्सीसारखा, असं सुरुवातीलाच सांगितलंय. लहानपणी त्याला बघून शेजारचे लिंटन तर्क लढवतात, की हा कुणी लास्कर असावा. लास्कर म्हणजे आपल्या बाजूचे, गोऱ्यांच्या जहाजांवर राबणारे खलाशी. आणि घरातली मोलकरीण नेली त्याची समजूत काढताना म्हणते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी! एवढं सगळं छापलेलं असताना पुन्हा एक गोराच? आणि जी नायिका, कॅथी, विशीसुद्धा बघत नाही, तिच्यासाठी तिशी ओलांडलेली नटी?

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “खरं सांग, तू पहिल्यांदा वाचलंस तेव्हा तुला तो कुठल्या रंगाचा दिसला होता?”

आता इथे खोटं बोलता आलं असतं, पण ताईशी खोटं बोलून उपयोग नसतो. गोरा दिसला होता. सावळा वगैरे शब्द मी वाचले असणारच, पण ते डोळ्यांवरून नुसते घरंगळून गेले होते. आणि खरं सांगायचं तर तोही पुरता गोरा नव्हता, कारण त्याला पुरता चेहराच नव्हता. भुवया तेवढ्या होत्या. पहिल्याच पानावर त्याचे काळे डोळे भुवयांखाली संशयाने आत सरकतात. तिथे मला आईच्या चुलतभावाच्या, आमच्या मामांच्या, भुवया दिसल्या होत्या. जाड, मधोमध जवळजवळ भिडलेल्या. मामा अत्यंत गरीब स्वभावाचे. मुंगीला वाट देणारे. पण भुवया अशा, की समोरच्याला वाटावं, हा माणूस मनात काहीतरी धरून बसलाय. त्या भुवया उचलून मी एका इंग्रज ओसाड माळावर नेऊन ठेवल्या आणि उरलेल्या चेहऱ्याच्या जागी धुकं सोडून दिलं.

तेव्हापासून मी स्वतःलाच तपासते आहे. मनातल्या नायकाचं नाक कसं आहे? माहीत नाही. हनुवटी? पत्ता नाही. पण एखाद्या नटाचा फोटो समोर आला की ‘हा तो नव्हे’ हे अर्ध्या सेकंदात कळतं. दुसरा दाखवा, तोही नव्हे. उपनिषदांतलं ‘नेति नेति’ ब्रह्माच्या बाबतीत म्हटलेलं आहे. मी ते नटांच्या बाबतीत वापरते.

‘गॉन विथ द विंड’ मी दोनदा वाचली. दोन्ही वेळा माझी स्कार्लेट देखणी होती. कादंबरीचं पहिलं वाक्यच मुळी सांगतं की ती सुंदर नव्हती, तिची भूल पडलेल्या पुरुषांना ते कळत नसे एवढंच. म्हणजे पुस्तकातल्या पुरुषांबरोबर मीही फसले, पहिल्याच ओळीला! त्या भूमिकेसाठी निर्माता डेव्हिड सेल्झनिकने सुमारे दोन वर्षं शोध चालवला होता. अटलांटाची आग त्याने 1938 च्या डिसेंबरात चित्रित करायला घेतली, तेव्हाही नायिका ठरलेली नव्हती. शहर जळतंय आणि नायिकेचा पत्ता नाही. शेवटी आली व्हिव्हियन ली, इंग्लंडची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मुलीचं काम परदेशी बाईला दिलं म्हणून तिकडे कुरकुर झालीच. आज स्कार्लेट म्हटलं की दुसरा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. (अ‍ॅशली, म्हणजे स्कार्लेटचा आवडता, झालेला लेस्ली हॉवर्ड मात्र पंचेचाळिशीचा होता आणि तो पंचेचाळिशीचाच दिसतो. हे मी कुणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.)

गंमत अशी की त्याच 1939 मध्ये ‘वुदरिंग हाइट्स’ही पडद्यावर आला होता. हीथक्लिफ होता लॉरेन्स ऑलिव्हिए. कॅथीच्या भूमिकेत व्हिव्हियन ली असावी अशी त्याची इच्छा होती, पण तिला मिळत होती इझाबेलाची दुय्यम भूमिका, आणि ती तिने नाकारली. कॅथी झाली मर्ल ओबेरॉन. ही बाई 1911 मध्ये मुंबईत जन्मलेली, आईकडून दक्षिण आशियाई रक्ताची. जन्मभर ती टास्मानियाची म्हणवून घेत राहिली, कारण खरं सांगितलं असतं तर त्या काळी नायिकेचं काम मिळालं नसतं. म्हणजे ज्या गोष्टीत पोराला ‘लास्कर’ म्हणून हिणवतात, त्यात लास्करांच्या देशाशी खरोखर नातं असलेली एकच मुख्य व्यक्ती होती, आणि ती घरंदाज गोरी मुलगी होऊन उभी होती. हे कळल्यापासून मी तो सिनेमा नीट बघूच शकत नाही. गोष्ट हीथक्लिफची चाललेली असते आणि माझं लक्ष तिच्याकडे. खुद्द हीथक्लिफसाठी कृष्णवर्णीय नट, जेम्स हाउसन, घ्यायला अँड्रिया आर्नल्डचा 2011 चा सिनेमा यावा लागला.

माझी खरी तक्रार रंगाइतकीच रूपाबद्दलही आहे. चूक नेहमी एकाच बाजूला होते. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ची नायिका जेन स्वतःला गरीब, सामान्य, रूपाने साधी आणि चणीने लहान म्हणते. नायक रॉचेस्टर तिला विचारतो, मी तुला देखणा वाटतो का? ती पटकन म्हणून जाते, “नाही, साहेब.” अख्ख्या प्रेमकथेचं बी त्या ‘नाही’त आहे. आणि सिनेमावाले काय करतात? 1943 च्या सिनेमात जोन फाँटेनला घेतात. केस चापून बसवले, गळ्यापर्यंत बंद झगा घातला, झाली साधी! पुढे 2011 मध्ये मायकेल फासबेंडर रॉचेस्टर झाला. त्याच्याकडे बघून ‘नाही’ म्हणणारी मुलगी खोटारडी तरी असेल किंवा तिला चष्मा तरी लागला असेल.

‘देवदास’ची तऱ्हा निराळी. सैगलवाले दिलीपकुमारला नाकं मुरडत आले, दिलीपकुमारवाले शाहरुखला. शरदबाबूंनी लिहिलेला देवदास कसा दिसत होता, यावर मात्र कुणी भांडताना मी ऐकलं नाही.

परवा मामा आले होते. मी आणि ताई लॅपटॉपवर तो 1939 चा सिनेमा लावून बसलो होतो. मामा मागे खुर्चीत. ऑलिव्हिए वादळात बाहेर धावत सुटला तेव्हा मामांनी विचारलं, “हाच का तो सूड घेणारा?”

“हो.”

मामांनी थोडा वेळ निरखून पाहिलं. “नट चांगला आहे,” ते म्हणाले, “पण याची काही भीती वाटत नाही गं. भुवया बघ, कोरल्यासारख्या.” आणि त्यांनी चष्मा काढून उपरण्याच्या टोकाने पुसायला घेतला. त्या क्षणी ताईकडे बघायची माझी छाती झाली नाही.