१३१ चिंचोके

‘शाळेने माझा सर्वांगीण विकास कसा केला’ असा विषय अमृतमहोत्सव समितीनं स्मरणिकेसाठी दिला आहे. विषय मोठा आहे. मला मात्र मोठ्या गुरुजींबद्दलच लिहायचं आहे, बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आपली शाळा जनपद सभेच्या काळातली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा दारावरची पाटी बदलली, कौलं तीच राहिली. मी पहिलीत बसले तेव्हाही तीच होती आणि पहिल्या पावसात चौथीच्या वर्गात त्याच जागी गळायची. गळणाऱ्या जागेखाली घमेलं ठेवून गुरुजी शिकवत. किती मिनिटांत घमेलं भरलं, म्हणजे तासाला किती घमेली, हे गणित तिथंच व्हायचं. शकुंतला रेल्वेगाडीवरही गणित असायचं. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, गाडीला चार तास लागले तर ताशी वेग किती? उत्तर १९ आलं की मागच्या पट्टीवरून कोणी तरी म्हणायचंच, “गुर्जी, मंग सायकलनंच जाऊ ना!” गुरुजी आमच्याआधी हसायचे.

दिवाळी झाली, पऱ्हाटी (कपाशी) फुटली, की शाळा निम्मी रिकामी व्हायची. आया वेचणीला जायच्या आणि घरातलं लहान लेकरू थोरल्या मुलीच्या कडेवर यायचं. मी दुसरीत असताना माझंही तसंच झालं. चार दिवस मी दिसले नाही म्हणून गुरुजी घरी आले. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ विचारलं, “पोरगी शायेत आली त या लेकराले कोन पाहीन, गुर्जी?”

“त्याले बी आना,” गुरुजी म्हणाले. “दोघायचंही नाव घेतो.”

दुसऱ्या दिवशी आईच्या जुन्या लुगड्याची झोळी शाळेच्या सपरीत, आड्याला बांधली गेली. झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. मी दाराजवळ बसून पाटीवर लिहायची आणि पाय हलवायची. त्या हंगामात सपरीत आणखी तीन झोळ्या लागल्या. गुरुजींनी नियम केला की झोळी हलवणारीनं पाढा मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे लेकरूही झोपतं आणि वर्गाचीही उजळणी होते. माझा भाऊ दीडकी ऐकत झोपायचा. (तो हिशेबात आजही कच्चा आहे, तो भाग वेगळा.) पुढं १९९२ मध्ये सरकारनं दुर्बल घटकांतल्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. चांगलंच केलं. आपल्या शाळेतल्या मुली मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून त्या झोळ्यांमुळे टिकल्या. माझ्याबरोबरच्या तिघी सातवीपर्यंत शिकल्या, त्यातली एक अंगणवाडी सेविका आहे.

आता शाळेतल्या मंत्रिमंडळाचं सांगते. ते अनेकांना आठवत असेल, पण १९८२ ची निवडणूक काय झाली हे नव्या मुलांना माहीत नाही.

तिसरी ते सातवीची मुलं मुख्यमंत्री निवडायची. हात वर करून नाही. गुरुजींचं म्हणणं, हात वर केला की पोरगं आधी शेजाऱ्याकडे पाहतं, मग उमेदवाराकडे. म्हणून कार्यालयाच्या खोलीत सतरंजीचा पडदा आणि पडद्यामागे डालड्याचे तीन रिकामे डबे. डब्यांवर खडूनं नांगर, कंदील आणि बंडी (बैलगाडी) काढलेली. प्रत्येकाला एक चिंचोका. चिंचोका पडल्याचा आवाज बाहेर ऐकू येतो आणि कोणत्या डब्यात पडला ते कळतं, हे लक्षात आल्यावर गुरुजींनी डब्यांच्या तळाशी फडकी अंथरली. एवढी काळजी मी पुढं फार थोड्या मतदान केंद्रांवर पाहिली.

संध्याकाळी डबे उलटे केले. नांगराला ५८, कंदिलाला ४१, बंडीला ३२. नांगरवाल्या पोट्ट्याला मित्रांनी खांद्यावर घेतलंसुद्धा. गुरुजींनी फळ्यावर बेरीज मांडायला लावली. १३१ आली. मग हजेरी पुस्तक उघडलं. त्या दिवशीची हजेरी ११२.

खांद्यावरचं पोरगं हळूच खाली उतरलं. आम्हाला वाटलं, आता छडी निघते. गुरुजींनी खडू घेतला. “१९ जास्त आले. कोनी टाकले ते मी विचारत नाही. पहिल्या आणि दुसऱ्यात फरक किती?” १७. “आता सांगा, हा निकाल लावता येते काय?”

बराच वेळ कोणाला काही सुचेना. मग सहावीतल्या एकीनं उभं राहून सांगितलं की १९ चे १९ नांगराचेच असले तर त्याचे ३९ राहतात, मग कंदील जिंकतो. आणि जर दोन-तीनच नांगराचे असले तर नांगरच जिंकतो. म्हणजे काहीच सांगता येत नाही. “आन जास्तीचे दहाच असते तर?” तर नांगर जिंकलाच असता, कारण सगळे वजा केले तरी तो पुढंच राहिला असता. गुरुजींनी फेरमतदान जाहीर केलं आणि ते चोख कसं करायचं हे आम्हालाच विचारलं. तिसरीतलं एक शेंबडं पोरगं म्हणालं, “खिसे उलटे करा.” दुसऱ्या दिवशी शाळेतले सगळे पोट्टे चड्डीचे खिसे बाहेर लोंबत ठेवून रांगेत उभे होते आणि प्रत्येकाच्या नखावर गुरुजींच्या दौतीतली शाई होती.

फेरमतदानातही नांगरच जिंकला, पाच मतांनी. आम्ही मुली चिडलो. गुरुजी म्हणाले, “निवडून आला न तो? झालं.” मात्र दर शनिवारी बालसभेत उभं राहून आठवड्याचा हिशेब द्यायची सक्ती त्यांनी त्याच्यावर केली आणि उलट प्रश्न विचारायचं काम कंदीलवालीला दिलं. त्या वर्षीचा मुख्यमंत्री फार चांगला निघाला. बोरिंगजवळचा चिखल त्यानंच नाली खोदून काढला. आज तो शाळा व्यवस्थापन समितीत आहे आणि ही स्मरणिका छापून घ्यायचं कामही त्याच्याकडेच आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

त्या मंत्रिमंडळात मी पाणीमंत्री होते. आपला भाग खारपाणपट्ट्यातला, बोरिंगचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळही शिजत नाही. गोडं पाणी बंडीवरच्या टाकीतून यायचं आणि शाळेच्या वाट्याला रोज सहा गुंड (हंडे). सहा गुंडांत एवढी मुलं दुपारपर्यंत पुरवायची. मी बुडाला गळणाऱ्या गिलासांवर बंदी आणली आणि पहिलीच्या मुलांना आधी पाणी दिलं, कारण मोठी पोरं धक्के मारायची. गुरुजींनी एकदाही मध्ये पडून काही बदललं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी “पाण्याची व्यवस्था कोणाकडे?” असं विचारलं तेव्हा गुरुजींनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. मी वही आणून दाखवली. साहेबांनी ती उभ्यानंच पूर्ण वाचली.

आज मी नायब तहसीलदार आहे. आतापर्यंत बऱ्याच निवडणुकांचं काम केलं. मतदान सुरू होण्याआधी किमान ५० मतांचं अभिरूप मतदान (मॉक पोल) घ्या, शेवटी नमुना १७-क मध्ये झालेल्या मतांचा हिशेब चोख भरा, हे मी प्रशिक्षणात सांगते तेव्हा समोर बसलेले बहुतेक लोक जिल्हा परिषदेचे शिक्षकच असतात. त्यांना मी चिंचोक्यांची गोष्ट सांगतेच. निवडणूक याचिकेतही शेवटी तेच पाहतात ना, गडबड झाली ती झाली, पण तिनं निकाल बदलला असता का? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ते लिहिलेलं आहे. आम्हाला ते फळ्यावर, खडूनं, वयाच्या दहाव्या वर्षी कळलं.

त्याच शिक्षकांचा विचार आला की वाईटही वाटतं. मतदार याद्या, जनगणना, पोषण आहाराची नोंदवही, दर आठवड्याला कुठल्या तरी पोर्टलवर भरायची माहिती. मोठे गुरुजी आज असते तर माझ्या घरी यायला त्यांना वेळ कधी मिळाला असता? गेल्या पावसाळ्यात शाळेत गेले होते. शहानूर धरणाचं पाणी नळाला आलं आहे, वर्गात मोठा टीव्ही आहे, फरशी चकचकीत आहे, कौलं जाऊन स्लॅब पडला आहे. आणि पटावर ३४ मुलं. सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी गाडी येते आणि पाटलांपासून सालदारांपर्यंत सगळ्यांची लेकरं भरून नेते. त्यांना मी दोष देत नाही, माझीही मुलं अमरावतीला इंग्रजी शाळेतच शिकली. पण शाळेत मंत्रिमंडळ आहे का विचारलं तर नवीन मॅडमनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. छान रंगवलेला, नावंही होती. निवड कशी केली? “हुशार मुलांची नावं टाकली, मॅडम.”

मॅडम कष्टाळू आहेत, दोन वर्ग एकट्या सांभाळतात. त्यांना बोलण्यात अर्थ नाही, म्हणून समितीलाच लिहिते. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी चालू आहे, माझी पाच हजारांची पावती फाडा. पण अमृतमहोत्सवाच्या तीन दिवसांतली एक सकाळ भाषणांमधून काढून ३४ मुलांच्या हवाली करा. सतरंजीचा पडदा, तीन डबे आणि दौत लागेल. डालड्याचे डबे आता मिळायचे नाहीत, तेलाचे चालतील, तळाशी फडकं टाका. रजेचा अर्ज मी टाकला आहे. चिंचोके मोजून मी घेऊन येते.